निम्मं गूढ टेपचं

चिंचपोकळीच्या एका संग्राहकाने या आठवड्यात माझं डोकं फिरवलं. गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरात राहतो. कपाटात 'ओम दर-ब-दर'ची व्हीएचएस जपून ठेवलीय, तीही कॉपीची कॉपी. म्हटलं, "लाव की!" तर घरात व्हीसीआरच नाही. वर मलाच ऐकवतो, "काका, २०१४ला थिएटरात लागला आणि सगळी मजा गेली."

कमल स्वरूप यांचा हा चित्रपट १९८८चा. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, इथे मात्र थिएटरात लागायला २६ वर्षं गेली. सरकारी नोकरी सोडून पत्रिका बघणारे बाबूजी, बेडकांच्या पोटातले हिरे. कशाचा कशाशी संबंध, ते विचारायचं नाही. मला तो आवडतो. माझं भांडण त्याच्या भक्तांशी. हातोहात फिरलेल्या टेपमध्ये चेहरे पुसट, संवाद खरखरीत. निम्मं गूढ दिग्दर्शकाचं, निम्मं टेपचं! स्वच्छ प्रिंट आली आणि यांचं निम्मं दैवत गेलं.

गूढाचीच भूक असेल, तर 'घाशीराम कोतवाल' का शोधत नाहीत? नाटक नव्हे, १९७६चा चित्रपट. दिग्दर्शक चौघं: मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि हेच कमल स्वरूप. पटकथा मूळ नाटककार विजय तेंडुलकरांचीच, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. लांबलचक शॉट असे, की नाटक तोंडपाठ असलेल्यानेही रस्ता चुकावा. त्याची प्रत जपली कुणी? पुण्याने नाही, मुंबईने नाही. बर्लिनच्या 'आर्सेनल' संस्थेने. डिजिटल करून त्यांनी तो २०१४च्या बर्लिन महोत्सवात दाखवला. म्हणजे इकडे 'ओम' पडद्यावर आला, त्याच वर्षी तिकडे 'घाशीराम'.

आमच्या संग्राहकाला याचा पत्ताच नव्हता. दुर्मीळ म्हणाल तर हा कांकणभर सरसच. पण 'घाशीराम' म्हटलं की परळचा कुणीही आजोबा म्हणणार, "बघितलाय, त्यात काय!" नाटक बघितलेलं असतं; पण फुशारकीची हवा गेली ती गेलीच. समोरच्याने नाव ऐकलेलं नसणं, हीच या छंदाची पहिली अट.

म्हणून माझं जुनं तुणतुणं पुन्हा वाजवतो: असले चित्रपट रविवारी सकाळी लालबागच्या 'भारतमाता' थिएटरात साध्या तिकिटात लावा. अर्धं पब्लिक मध्यंतरात शिव्या घालत उठेल, कबूल. उरलेलं अर्धं बाहेर चहा पिताना नानावरून तावातावाने भांडेल.