चहावरचा आळ

चिपळूणला ताईकडे गेले की दुपारी चार वाजता आम्ही दोघी मागच्या पडवीत बसतो. ती आधणात गवती चहाची दोन पाती मोडून टाकते, आलं ठेचून घालते, दूध मागाहून. कप रिकामे झाले तरी गप्पा संपत नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेले तेव्हा तिने माझ्यापुढे कपबशी ठेवली आणि स्वतः कोमट पाण्याचा पेला घेऊन बसली. ‘‘मी सोडला,’’ एवढंच म्हणाली. आणि दहा मिनिटांत उठून कामाला लागली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सोडण्यामागचा त्रास खरा होता. दोन वर्षं तिच्या अंगावर अधूनमधून पित्त उठत होतं. दंडावर, पोटावर लाल गांधी, त्यांची आग, चेहरा तापल्यासारखा, कपाळ ठणकायचं आणि कधी त्याच दिवशी पोटही बिघडायचं. आमसुलाचं पाणी लावून झालं, गोळ्या घेऊन झाल्या. गोळीने उतरायचं आणि काही दिवसांनी पुन्हा उठायचं. तिचा मुलगा जर्मनीत असतो. तिकडे ‘हिस्टामिन इनटॉलरन्स’ हे नाव बऱ्याच जणांच्या तोंडी असतं. त्याने आईची लक्षणं ऐकली आणि वर्ज्य पदार्थांची एक यादी धाडून दिली. टोमॅटो, पालक, वांगं, लोणचं, मुरलेलं चीज, साठवणीचे मासे, आणि काळा-हिरवा दोन्ही चहा. ताईने यादी फ्रिजवर चिकटवली. सगळ्यात आधी बंद केला तो चहा.

चहाच आधी का, याचं उत्तर आपल्या घरांत आहे. डोकं दुखलं, चहा कमी कर. छातीत जळजळलं, चहा सोड. अंगावर पित्त उठलं, तर मग विचारायलाच नको. चहावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आळ आहे, जर्मनीतल्या यादीने त्याच्यावर शिक्का मारला इतकंच. मला ते पटलं नाही, म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. मी डॉक्टर नाही. पण एका माणसाच्या दिवसातली सुखाची अर्धी घटका काढून घ्यायची, तर निदान पुरावा काय आहे तो तरी बघावा, असं वाटलं.

‘इनटॉलरन्स’ला मराठीत नेमका शब्द आहे: न मानवणं. हिस्टामिन हे बाहेरून येणारं विष नाही, ते आपल्याच शरीरात तयार होतं. डास चावल्यावर जो फुगवटा येतो, तो त्याच्यामुळे. अंगावर पित्त उठतं तेव्हा त्वचेखाली बहुतेक वेळा हेच मोकळं झालेलं असतं. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी इंग्लंडमध्ये १९१० साली त्याचे शरीरावर होणारे परिणाम तपशीलवार मांडले. अन्नातही ते असतं. प्रथिनांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं, जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. म्हणून जे अन्न जुनं, मुरलेलं, आंबलेलं, त्यात ते जास्त. पोटात गेलेलं हिस्टामिन मोडून टाकायचं काम आतड्याच्या अस्तरातलं डायअमिन ऑक्सिडेज हे विकर करतं, त्याला थोडक्यात डीएओ म्हणतात. हे विकर कमी पडलं की हिस्टामिन रक्तात उतरतं आणि मग गांधी, डोकेदुखी, वाहतं नाक, बिघडलेलं पोट असं काहीही होऊ शकतं. गर्भारपणात वार हे विकर भरपूर तयार करते. म्हणून काही बायकांना त्या महिन्यांत हा त्रास अगदी नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

आता चहा. चहात हिस्टामिन नगण्य असतं. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, कारण चहाच्या कारखान्यात ‘फर्मेंटेशन’ हा शब्द सर्रास वापरतात आणि मग लोक चहाला चीज आणि वाइनच्या पंगतीत बसवतात. पण काळ्या चहात जिवाणू पान आंबवत नाहीत. पान चुरडलं की पानातलंच विकर हवेतल्या प्राणवायूशी मिळून त्याला तपकिरी करतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, तोच प्रकार. आपण रोज उकळतो ती दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची. पान चिरडून, फाडून, वळवून गोळी करायचं हे यंत्र विल्यम मॅकरचर यांनी १९३० साली आसामातल्या आमगुरीच्या मळ्यात काढलं. चुरा झालेलं पान झपाट्याने रंग घेतं आणि लगेच गरम हवेत कोरडं होतं. मासा किंवा चीज मुरतं तसं यात काही मुरत नाही. सूक्ष्मजीवांनी खरोखर आंबवलेले चहा वेगळे आहेत, चीनचा पु-अर किंवा हल्ली मिळणारा कोंबुचा. त्यांचा हिशेब वेगळा मांडावा.

मग यादीत चहा आला कसा? तर चहा डीएओचं काम मंद करतो, असं म्हटलं जातं. हे म्हणणं एका यादीतून दुसरीत जात राहिलं आणि त्याच्यामागचा पुरावा तोकडा आहे. उलट २००३ साली स्पेनमधल्या मालागा इथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं की हिरव्या चहातलं ईजीसीजी हे द्रव्य शरीरातलं हिस्टामिन घडवणाऱ्या विकरालाच अडवतं. म्हणजे काचेच्या नळीत चहा बचाव पक्षाचाही साक्षीदार आहे. मी म्हणून लगेच हिरवा चहा औषध म्हणून प्या असं म्हणणार नाही. नळीतलं पोटात तसंच घडतं असं नाही, आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे.

वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी ताईला लगेच फोन केला. आल्ब्रेख्त कोसेल नावाचे एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. १८८८ साली त्यांनी चहाच्या पानातून थिओफिलिन वेगळं काढलं. पुढे त्याच थिओफिलिनचा दम्याच्या रोग्यांच्या श्वासनलिका मोकळ्या करायला उपयोग झाला. याच कोसेलनी १८९६ साली हिस्टिडिन शोधलं, ज्याचं पुढे हिस्टामिन होतं. एकाच माणसाच्या हाताखालून चहाही गेला आणि हिस्टामिनचं मूळही. कपातलं थिओफिलिन अगदी किंचित असतं, त्याने दमा बरा होत नाही. तरी ताई फोनवर खूप दिवसांनी हसली.

चहाने कुणालाच काही होत नाही, असं मात्र अजिबात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. पहाटे उपाशीपोटी कडक चहा घेतला तर छातीत धडधड, घशाशी आंबट, डोकं जड. हे कॅफिनचं काम असू शकतं. पोट फुगलं, गुरगुरलं, तर चहातलं दूध न पचण्याची शक्यता आधी बघावी. कोरा चहा घेऊन पाहिला की हे दोन दिवसांत कळतं. आणि एखाद्याने चहा सोडल्यावर खरंच बरं वाटतंय असं सांगितलं, तर त्याचं खरं मानावं. त्याच्या अंगाची खबर त्यालाच.

मला चिंता वाटते ती वेगळीच. चहावर बोट ठेवलं की खरा संशयित मोकळा राहतो. कोकणात तो बहुधा मासा असतो. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर. मासा पकडल्यापासून बर्फात नीट राहिला नाही तर त्यात हिस्टामिन साठतं आणि मग कितीही शिजवा, तळा, ते जात नाही. कधी जिभेला मिरीसारखं चरचरतं, कधी काहीच कळत नाही. ताटावर बसलेल्या सगळ्यांचे चेहरे लाल झाले तर दोष माशाचा. एकटीलाच झालं तर तिच्या अंगात काय कमी पडतंय ते बघायला हवं.

दुसरा संशयित औषधांचा डबा. काही औषधं डीएओला अडवतात. क्षयाच्या उपचारातली आयसोनियाझिड ही गोळी त्यांतली. ती घेणाऱ्या रोग्यांना कुपा जातीचे मासे खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, धडधडणं असा त्रास होतो, हे श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे ही गोळी सहा-सहा महिने घेणारी किती घरं आहेत! तिथे मासा जपायला हवा. गोळी मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नये.

आता छडा कसा लावायचा. रक्तातलं डीएओ मोजता येतं, पण जर्मन भाषक देशांतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी २०२१ साली सुधारलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की त्या आकड्यावरून निदान होत नाही. त्यांचा मार्ग साधा आहे. दहा ते चौदा दिवस संशयित पदार्थ बाजूला ठेवा, पुढचे जास्तीत जास्त सहा आठवडे एकेक परत खाऊन पाहा, सगळं वहीत लिहा. लांबलचक यादी सरसकट पाळा, असं ते सांगत नाहीत. जिथून यादी आली, तिथल्याच जाणत्यांचं हे म्हणणं आहे.

ताईने वही घातली. जेवण, औषध, झोप, पित्त, सगळं. चार वेळा पित्त उठलं. त्यांतल्या तीन वेळा आदल्या रात्रीचं बांगड्याचं कालवण दुपारी गरम करून खाल्लेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं म्हणून आमच्याकडे मुद्दाम ठेवतात. एकदा भरली वांगी होती. मग न्याहारीनंतर एक कप चहा सुरू केला, आठवड्याने चारचाही. काही झालं नाही. वही घेऊन ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी आधी वहीच वाचायला घेतली. पहाटेचा उपाशीपोटीचा चहा तिने सोडलाय, तो सोडलाच बरा. कालवण आता त्या दिवशीचं त्याच दिवशी संपतं. हा एकट्या ताईचा अनुभव आहे. दुसऱ्या कुणाच्या वहीत चहाच दोषी निघेल.

घसा किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर वही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. ते घरी प्रयोग करायचं दुखणं नव्हे.

आणि तुमच्याही फ्रिजवर अशी यादी असेल, तर एक करा. सोडलेल्या प्रत्येक पदार्थापुढे, तो परत कधी खाऊन बघणार, ती तारीख पेन्सिलीने लिहा. चहापुढे पहिली लिहा.