दात कोरून पोट भरत नाही

इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली की पुण्या-नाशिकच्या घरांत दोन प्रकारचे सल्लागार उगवतात. पहिल्याच्या हातात गुणाकार असतो : पंचेचाळीस हजार पौंड, पौंड शंभराचा धरला तरी पंचेचाळीस लाख रुपये, मग सूनबाईंनी नोकरी नाही केली तर बिघडले कुठे? दुसऱ्याच्या हातात यादी असते : कुकर इथूनच न्या, गोडा मसाला वर्षाचा भरून घ्या, बाहेर कॉफी पिऊ नका, हीटर बेताने लावा, मुलांचे केस घरीच कापा. पहिला म्हणतो, एका पगारात आरामात भागते. दुसरा म्हणतो, काटकसर केली तर भागते.

दोघेही आपुलकीने बोलतात आणि दोघांचाही हिशेब एकाच जागी चुकतो. मोठ्या रकमांकडे कोणीच पाहत नाही. परदेशात एका पगारावर संसार होतो, हे मलाही मान्य आहे. पण तो काटकसरीच्या बळावर होत नाही. तीन-चार मोठ्या निर्णयांवर तो तरतो किंवा बुडतो, आणि त्यांतले निम्मे निर्णय विमानात बसण्यापूर्वीच झालेले असतात.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. सरकारी शाळेला फी नाही, हे खरे. इंग्लंडमध्ये पहिली तीन वर्षे, म्हणजे रिसेप्शनपासून इयर टूपर्यंत, मुलाला शाळेत दुपारचे जेवणही फुकट मिळते. डॉक्टरकडे गेल्यावर बिल हातात पडत नाही. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या जोडीदाराला जवळपास कोणतीही नोकरी करण्याची मुभा आहे. अमेरिकेत एच-फोर व्हिसावरच्या कितीतरी बायकांना ती नाही. तेव्हा ‘तिकडे बरे आहे’ या म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न पुढचा आहे.

गुणाकारवाल्यांना मी भागाकार करायला सांगतो. २०२५-२६ च्या दरांनी ४५,००० पौंडांच्या पगारावर ६,४८६ पौंड प्राप्तिकर आणि सुमारे २,५९४ पौंड नॅशनल इन्शुरन्स जातो. पेन्शनची नेहमीची कपात धरली तर हातात महिन्याला साधारण २,८६० पौंड पडतात. इथे एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवरा-बायकोची करआकारणी स्वतंत्र होते, आणि प्रत्येकाचे पहिले १२,५७० पौंड करमुक्त असतात. शेजारच्या घरात दोघे मिळून तेवढेच ४५,००० कमावत असतील, निम्मे-निम्मे, तर त्यांचा कर आणि इन्शुरन्स मिळून सुमारे ५,५६० पौंड होतो. तुमच्या घरातून एकाच पगारातून ९,०८० जातात. घरात येणारी मिळकत सारखी, खाणारी तोंडे सारखी, आणि तुम्ही वर्षाला साडेतीन हजार पौंड जास्त भरता. घरी बसलेल्या जोडीदाराच्या करमुक्त मर्यादेतले १,२६० पौंड कमावत्याच्या नावावर वळवता येतात. त्यातून वर्षाला २५२ पौंड वाचतात. ते जरूर घ्यावेत, पण त्याने साडेतीन हजारांचे भोक बुजत नाही.

आता ‘औषधपाणी फुकट’ या समजुतीकडे वळू. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागतो : फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. आई, बाप आणि दोन मुले धरली तर वर्षाचे ३,६२२. आणि हे हप्त्याने चालत नाही. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे एकरकमी आणि आगाऊ. तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे १०,८६६ पौंड, इंग्लंडचे तोंड पाहण्याआधी. शिवाय तोच माणूस पगारातून नॅशनल इन्शुरन्स भरतच असतो. इस्पितळात बिल येत नाही, कारण ते आधीच फाडून झालेले असते.

दुसऱ्या बाजूला काय मिळत नाही तेही पाहावे. व्हिसाला एक अट जोडलेली असते : सार्वजनिक निधीचा लाभ नाही. त्यामुळे चाइल्ड बेनिफिट नाही. शेजारच्या ब्रिटिश घराला दोन मुलांमागे २०२५-२६ मध्ये आठवड्याला ४३.३० पौंड, म्हणजे वर्षाला सव्वादोन हजारांहून थोडे जास्त मिळतात. तुम्हाला शून्य. तेव्हा ‘तिथे अमुक एवढ्यात चार माणसांचे घर चालते’ असे कोणी सांगितले तर आधी विचारावे, ते घर कोणाचे? नागरिकाचे की व्हिसावाल्याचे?

आता खर्चाचा कागद मांडू. लंडनबाहेरचे मध्यम शहर, चार माणसे, मुलगा सात वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. आकडे गृहीत आहेत, तुमच्या शहराचे घालून पाहा. भाडे १,३००, काउन्सिल टॅक्स १७०, वीज आणि गॅस १५०, पाणी ४५, इंटरनेट आणि फोन ५०, किराणा-भाजी ४५०, येणेजाणे २००. बेरीज २,३६५. उरले ४९५. पहिल्या वर्षी हे ४९५ पाहून माणूस खूश होतो, हप्त्यावर गाडी घेतो.

खरे तर यातले ४०० त्याचे नाहीतच. तीन वर्षांनी व्हिसा दोन वर्षांनी वाढवताना सरचार्जचे ७,२४४ पौंड लागणार. छत्तीस महिन्यांत वाटले तर महिना २००. पुढे कायमच्या वास्तव्याचा अर्ज, ज्याला सगळे आयएलआर म्हणतात, त्याची फी २०२५ च्या दराने माणशी ३,०२९. चौघांचे १२,११६; पाच वर्षांवर पसरले तर पुन्हा महिना २००. व्हिसावाढीच्या अर्जांची फी वेगळीच. उरले पंचाण्णव पौंड. यात मुलांचे बूट, कोट, भारताची तिकिटे, घरी पाठवायचे पैसे आणि दातदुखी. शिवाय कायमच्या वास्तव्यासाठी लागणारी पाच वर्षे सर्वसाधारणपणे दहा करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने मे २०२५ मध्ये मांडला. वर्षे वाढली की सरचार्जही वाढला.

हा कागद पाहिला की यादीवाले पुढे सरसावतात : म्हणूनच तर काटकसर करा! मसाले आणल्याने आणि कॉफी सोडल्याने महिन्याला तीस-चाळीस पौंड वाचतील; वाचवावेत. पण दोन स्टेशने पलीकडच्या गावात तेच घर १,००० ला मिळत असेल, तर एका सहीने महिन्याला ३०० वाचतात. रेल्वेच्या पासाला त्यातले शंभर-सव्वाशे गेले तरी बाकी हातात राहतात. दात कोरून पोट भरत नाही, ते यासाठी.

आणि अवेळी केलेली काटकसर उलटते. हे इथल्या कितीतरी घरांत दिसते. नोव्हेंबर लागतो, गॅसचे पहिले बिल येते आणि फर्मान निघते : हीटिंग संध्याकाळी एकच तास. कपडे वाळवायला बाल्कनी नाही, म्हणून ओले कपडे झोपायच्या खोलीतल्या स्टँडवर. उबदार हवा बाहेर जाईल म्हणून खिडक्या बंद. सकाळी काचेवरून पाणी ओघळत असते, खिडकीच्या चौकटीत डबके साचते. जानेवारीत कपाट जरा पुढे ओढावे तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी. मुलगी महिनाभर खोकते, बाप कामावरून रजा घेतो आणि घर सोडताना भिंत रंगवण्याचे पैसे अनामतीतून कापण्यावरून मालकाशी हुज्जत होते. महिन्याला चाळीस पौंड वाचवले, आणि ते असे सव्याज परत केले. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुण्याच्या थंडीचा हिशेब त्यांनी लेस्टरला लावला, इतकेच.

इथे तिसरा पक्ष उभा राहतो, तरुण आणि व्यवहारी : मग दोघांनीही पहिल्या महिन्यापासून नोकरी धरावी, हे रडगाणे कशाला? तोही हिशेबाने तपासू. समजा तिला सुरुवातीला किमान वेतनाचे काम मिळाले. एप्रिल २०२५ चा दर तासाला १२.२१ पौंड. आठवड्याला पस्तीस तास केले तर कर वजा जाता महिन्याला साधारण १,६२५ हातात येतात. दोन वर्षांच्या मुलीची पूर्णवेळ नर्सरी महिन्याला हजाराच्या वर सहज जाते. नोकरदार पालकांना इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून लहान मुलांसाठी आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाने मिळतात. पण आईबाप दोघेही सार्वजनिक निधीबाहेर असतील तर ते त्यांना नाहीत. शाळा सव्वातीनला सुटते, म्हणून मुलाचा आफ्टर-स्कूल क्लब. तिचा बसपास. शिल्लक किती? दोन-तीनशे, कधी तीही नाही. पैशासाठी म्हणून ही धावपळ करण्यात अर्थ नाही.

पण यावरून ‘तर मग तिने घरीच बसावे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. मुलगी तीन वर्षांची झाली की पुढच्या सत्रापासून आठवड्याला पंधरा तासांची नर्सरी इंग्लंडमध्ये सर्व मुलांना मिळते. व्हिसाची अट तिच्या आड येत नाही. गणित तिथे बदलते. एक पगार हा संसाराचा कायमचा आकार नाही. ती मुदतीची व्यवस्था आहे, आणि मुदतीची तारीख पहिल्याच महिन्यात ठरलेली असली पाहिजे.

एवढे खंडन झाले. आता माझा पक्ष.

पहिली गोष्ट, भाडे आणि काउन्सिल टॅक्स मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या आत ठेवा. वरच्या उदाहरणात ते निम्म्याच्या थोडे वर गेले आहे, आणि म्हणूनच शेवटी पंचाण्णव उरले. घर बघताना काउन्सिल टॅक्सचा बँड विचारा. ए ते एच अशी आठ अक्षरे असतात आणि एकाच रस्त्यावरच्या दोन घरांचा बँड वेगळा असू शकतो.

दुसरी, व्हिसाचा पैसा पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. तो बचतीत मोजू नका. ती बचत नव्हे. ते पुढे ढकललेले भाडे आहे, देशात राहण्याचे.

तिसरी, घरी पाठवायची रक्कम ठरवा आणि घरच्यांना आकडा सांगा. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता, आईबाबांचा विमा, चुलतभावाचे लग्न, हे सारे ‘बघू, जमेल तसे’ या सदरात राहिले की दर महिन्याला नवरा-बायकोत धुसफूस होते. गणपतीला जायचे असेल तर तेही आधी मांडा. सप्टेंबरात शाळा बुडवून मुलाला आठवडाभर नेले तर इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून प्रत्येक पालकाला मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, आणि एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. सुट्टीत जावे तर तिकीट महाग. दोन्हींचा आकडा समोर ठेवून ठरवावे. ऐन वेळी भावनेच्या भरात नव्हे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो कमावत नाही, त्याच्या नावावर पैसा हवा. ही आजची फॅशन नाही. एका पुरुषाच्या पगारात अख्खे कुटुंब, ही कल्पना ब्रिटनमध्येच एकेकाळी घट्ट रुजली होती. पुढे खासदार झालेल्या एलिनॉर रॅथबोन या बाईंनी १९२४ च्या आपल्या पुस्तकात तिच्यावर हल्ला चढवला : पगार माणसाच्या कामाचा असतो, घरातल्या तोंडांच्या संख्येशी त्याचा संबंध नसतो, म्हणून मुलांसाठीचा पैसा वेगळा आणि आईच्या हाती दिला पाहिजे. १९४५ मध्ये कुटुंबभत्त्याचा कायदा झाला, तेव्हा तो आईला मिळावा म्हणून त्या संसदेत झगडल्या आणि जिंकल्या. आजचा चाइल्ड बेनिफिट त्याच भत्त्याचा वारस. व्हिसावाल्या आईला तो मिळत नाही, म्हणून तिच्या घरानेच ती जागा भरून काढायची आहे. संयुक्त खाते हवे, आणि त्याशिवाय तिच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम, कशावर खर्च केली हे न विचारता. विजेच्या आणि पाण्याच्या बिलावर दोघांची नावे. स्वयंपाक, मुलांची नेआण, दुखणीखुपणी, स्वस्त भाजी शोधत दोन दुकाने हिंडणे, हे सगळे ती करते म्हणून तो २,८६० चा पगार चौघांना पुरतो. वर मोजलेली नर्सरी आणि क्लब ही तिच्याच कामाची बाजारातली किंमत आहे.

पाचवी, मुदतीच्या तयारीला पैसे बाजूला काढा. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये बारा महिनेच गाडी चालवता येते. त्या वर्षात दोघांपैकी जो घरी आहे त्याने इथली परीक्षा द्यावी. भारतीय पदवीचे इथे काय स्थान आहे, हे सांगणारे प्रमाणपत्र काढावे. असा खर्च ‘सध्या नको’ म्हणून टाळणारी घरे तीन वर्षांनीही एकाच पगारावर असतात, आणि मग तिला ‘एवढी गॅप का?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो.

कोणी म्हणेल, एवढे सगळे असेल तर जावेच कशाला? मी जाऊ नका म्हणत नाही. अनुभव, शिक्षण, स्वच्छ हवा, मुलांचे मोकळे बालपण, कारणे पुष्कळ आहेत आणि ती खरी आहेत. फक्त त्यांची किंमत ठाऊक असावी. म्हणून ऑफर लेटर आले की रुपयांत गुणाकार करण्याआधी कंपनीला चार प्रश्न लेखी विचारा : सरचार्ज आणि व्हिसाची फी कोण भरणार? भरणार असाल तर माझीच की कुटुंबाचीही? मुदतवाढीच्या वेळीही का? आणि मी आधी नोकरी सोडली तर त्यातले किती परत मागाल? या चार उत्तरांत दहा-अकरा हजार पौंडांचा फरक पडू शकतो. पगारात तेवढी वाढ मागायला आपण लाजतो. हे प्रश्न विचारायला लाजण्याचे कारण नाही. उत्तरे आल्यावर दोघांनी मिळून कागद मांडावा, आणि सही त्यानंतर करावी.