म्हाताऱ्या माणसांच्या ताटाकडे लक्ष द्या

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्याच्या उंबऱ्याशी पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण जखम लवकर भरेना. डॉक्टरांनी विचारले, "आजी जेवतात काय?" मी म्हटले, "वयाच्या मानाने जेवतात की!" ते म्हणाले, "बाई, आजी वयाने नाही, अन्नावाचून वाळल्यात."

भरल्या घरात उपासमार! माझी मान खाली गेली. पण खरे तेच होते. दात गेल्यापासून त्या भाकरीचा पापुद्रा चहात नाही तर आमटीच्या वरच्या पाण्यात कुस्करून खात. तळची डाळ आम्हा कामाच्या माणसांच्या ताटात जाई, आणि दूध डेअरीला. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या रोज दिसत होत्या. "म्हातारपणी असंच व्हायचं," म्हणून आम्ही सोडून दिले.

उतारवयात भाकरी कमी लागते, पण प्रथिने कमी लागत नाहीत. ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचेच स्नायू झिजवते. पायातला जोर जातो आणि माणूस पडते. प्रतिकारशक्ती उतरते, साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो. दवाखान्यात पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, आणि घरी आलेले माणूस पुन्हा दवाखान्याची वाट धरते.

हे आधी ओळखता येते. महिन्याला एकदा वजन करा. ५० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत काही कारण नसता अडीच किलोहून जास्त वजन उतरले, तर तो धोक्याचा इशारा समजा. वजनकाटा नसेल तर शिलाईची टेप घ्या. पोटरीचा सर्वांत जाड भाग ३१ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वाबारा इंचांपेक्षा, कमी भरला तर डॉक्टरांना दाखवा.

दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ग्रॅम प्रथिने हवीत. ५० किलोच्या माणसाला अर्धा लिटर दूध, दोन वाट्या घट्ट वरण, दोन भाकरी आणि मूठभर शेंगदाण्याचे कूट एवढ्यात ती बहुतेक भागतात. अंडे चालत असेल तर एक उकडून द्या. दात नसतील तर मुगाची मऊ खिचडी तूप घालून, दुधातली नाचणीची खीर, असे थोडे थोडे पाच वेळा द्या. जेवणाआधी चहा देऊ नका, भूक मरते. जोडीला रोज चालणे-उठबस हवी, तरच स्नायू धरतात. किडनीचे दुखणे असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवा.

भूक का नाही, तेही पाहा. कवळी टोचते का? पोट साफ होते का? एखाद्या गोळीने तोंड कडवट होते का? की एकटे जेवायचा कंटाळा येतो? क्षय, मधुमेह, कर्करोग यांतही वजन उतरते, म्हणून तपासणी टाळू नका.

आता आमच्याकडे डेअरीला दूध घालण्याआधी आत्याबाईंचे अर्धा लिटर बाजूला निघते, आणि ताट आमच्याबरोबर वाढले जाते. काठी घेऊन त्या अंगणात फिरतात. तुम्हीही आज जेवायला वाढताना पळी तळापर्यंत घाला, आणि पहिली वाटी घरच्या म्हाताऱ्या माणसाला द्या.