भोक लहान, पण ऑपरेशन लहान नव्हे

पित्ताशयातील खडे, अपेंडिक्स, हर्निया यांची ऑपरेशने आता पुष्कळदा दुर्बिणीतून होतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 साली या रीतीने पित्ताशय काढले. पुढे ही पद्धत देशभर पसरली. जखम लहान, दुखणे कमी आणि माणूस लवकर शेतावर परततो. आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु "दुर्बिणीचे तर आहे, त्यात काय एवढे!" असे म्हणून तपासण्या टाळणे आम्हांस मान्य नाही.

दुर्बीण फिरायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब साधारणतः पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटर इतका ठेवतात. मळ्यातल्या रबरी नळीवर पाय पडला की वाफ्याला पाणी कमी पोचते. तसेच या दाबाने मूत्रपिंडे व त्यांच्या शिरा दबतात, रक्तपुरवठा घटतो आणि तेवढा वेळ लघवी कमी तयार होते. वायू काढल्यावर निरोगी मूत्रपिंडे बहुधा काही तासांत पूर्ववत काम करू लागतात.

धोका दुबळ्या मूत्रपिंडांना अधिक. मधुमेह किंवा जुना रक्तदाब असलेले, उन्हात राबून अंगातले पाणी आटलेले, कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेनच्या गोळ्या मनाने घेणारे असे कितीतरी जण आपल्या शेतकरी घरांत आहेत. शिवाय मूत्रपिंडाचा बिघाड बराच वाढेपर्यंत बाहेर कळत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. ऑपरेशनपूर्वी रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. झाडपाल्यासह चालू असलेली सर्व औषधे सांगा. कोणतेही औषध मनाने बंद करू नका. उपाशी राहायचे म्हणजे पाणीही किती तास आधी बंद करायचे, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. ऑपरेशननंतर लघवी कमी झाली तर लगेच कळवा आणि वेदनाशामक गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर किंवा देवावर अविश्वास नव्हे. बैल घेताना आपण दात मोजतो, बियाणे पारखून घेतो. संत पौलाने ज्या देहाला मंदिर म्हटले, त्याच्याविषयीच आपण बेफिकीर का असावे? एक साधी रक्ततपासणी टाळून पुढे डायलिसिससाठी जमीन विकण्याची पाळी येऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे.