पोटाचा घेर आणि हृदयाचे दुखणे

हृदयविकार हा पैसेवाल्यांचा, गाडीतून फिरणाऱ्यांचा आजार आहे, असा समज आपल्या वस्त्यांतून अजूनही पक्का आहे. "आपण कष्टाची माणसं, आपल्याला कसला हार्ट अटॅक?" असे आपण सहज म्हणतो. त्यातून घरातील आई-बहीण अंगाने किरकोळ असली, तर तिच्याबद्दल अशी शंकासुद्धा कोणाला येत नाही. वाचक बंधू-भगिनींनो, हा समज घातक आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबी लपलेली असू शकते. ती पोटात, आतड्यांभोवती साठली की जास्त त्रासदायक.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. चरबीच्या पेशी स्वतः हार्मोन तयार करतात. त्यांपैकी लेप्टिनचा शोध १९९४ साली लागला. पोट सुटत गेले की अॅडिपोनेक्टिन हे उपयोगी हार्मोन कमी होते. पोटातील चरबीतून सुटणारे घटक थेट यकृताकडे जातात आणि इन्सुलिन नीट काम करीनासे होते. मग रक्तातील साखर वाढते, चरबी वाढते, रक्तदाब चढतो आणि हळूहळू हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात.

पाळी चालू असेपर्यंत स्त्रीला इस्ट्रोजेन या हार्मोनचा आधार असतो. त्यामुळे चरबी पोटापेक्षा मांड्यांवर साठते, तेथे ती तितकी घातक नसते. पाळी गेली की हा आधार जातो, चरबी पोटाकडे वळते आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. इस्ट्रोजेन येते ते अंडाशयातून. तरुणपणीच पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर हा आधार एकाएकी तुटतो आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी "अंडाशय काढणे खरेच गरजेचे आहे का?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सरकारी रुग्णालयात दुसरा सल्लाही घ्या. ज्यांचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी घाबरू नये, मात्र तपासणी चुकवू नये.

हृदय सांभाळण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर घेतलेली अशा गोळ्यांची मोठी चाचणी २००२ साली मध्येच थांबवावी लागली, कारण फायद्यापेक्षा अपाय जास्त दिसला.

मग करायचे काय? ब्लाउज शिवायची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. बाईचे माप ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांच्या वर, किंवा पुरुषाचे ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर असेल, तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मिसरी, तंबाखू, विडी सोडा. वनस्पती तूप आणि तेच तेच तळणीचे तेल टाळा. रोज अर्धा तास भरभर चाला. घरकामाने थकवा येतो, पण चालण्याचा व्यायाम त्यात होईलच असे नाही.

शेवटी घरातील पुरुष मंडळींना आमचे सांगणे आहे. बाईच्या हृदयविकारात नेहमी छातीतच कळ येते असे नाही. दम लागणे, घाम फुटणे, मळमळणे, जबडा, पाठ किंवा हात दुखणे हीही लक्षणे असतात. असे अचानक झाले, तर "पित्त झालं असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ वर फोन करा आणि तिला ताबडतोब रुग्णालयात न्या. सर्वांना वाढून मागाहून जेवणारी आई स्वतःचे दुखणेही मागेच ठेवते. ते ओळखणे हे आपले काम आहे.