इंजिनाआधीचा हिशेब

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये अधिक ताकदीचे इंजिन बसवण्याचा विचार मनात आला, की पहिली चौकशी होते ती इंजिनाच्या किमतीची. चौकशी स्वाभाविक आहे. पण यादीत तिचे स्थान बरेच खाली असावयास हवे. कारखान्यासाठी यंत्र घेणारा व्यापारी केवळ यंत्राचे दरपत्रक हाती आले म्हणून प्रकल्पाचा खर्च कळला असे मानत नाही. पाया, वीजजोडणी, कारागीर आणि खेळते भांडवल यांचे आकडे मांडल्यावरच त्याला खरी रक्कम दिसते. इंजिनबदलाचा हिशेबही असाच मांडावा लागतो. ब्रिटनमधील एमजीबी या गाडीच्या इतिहासात हा धडा दोनदा लिहिला गेला आहे. एकदा नुकसानीने आणि एकदा यशाने.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यातून ही गाडी 1962 मध्ये बाहेर पडली. तिचे चार सिलिंडरचे इंजिन 1798 घनसेंटिमीटरचे आणि सुमारे 95 अश्वशक्तीचे होते. बांधणी साधी, वजन बेताचे आणि किंमत मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातली. 1980 पर्यंत अशा 5 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तरीही वेगाची हौस असलेल्या ग्राहकांना ती मंद वाटे. मोठे इंजिन घालण्याची मागणी कंपनीपुढे आली, ती यातूनच.

कंपनीचे पहिले उत्तर 1967 मध्ये एमजीसी या नावाने आले. सहा सिलिंडर, 2912 घनसेंटिमीटर, 145 अश्वशक्ती! कागदावर व्यवहार फायद्याचा दिसत होता. मात्र लोखंडी बांधणीचे हे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे 95 किलो जड होते. त्याला जागा देण्यासाठी पुढचे सस्पेन्शन नव्याने आखावे लागले आणि बॉनेटवर उंचवटा काढावा लागला. पुढच्या चाकांवरचा भार वाढला आणि वळणावर सहज झुकणारी गाडी नाकाने जड झाली. समीक्षकांनी नेमका हाच दोष दाखवला. सुमारे 9 हजार गाड्यांनंतर 1969 मध्ये हे उत्पादन थांबले. ताकद जमेच्या बाजूला लिहिली गेली होती. वजन खर्चाच्या बाजूला पुरेशा गांभीर्याने लिहिले गेले नव्हते.

दुसरे उत्तर कारखान्याबाहेरून आले. अमेरिकेतील जनरल मोटर्सने साठच्या दशकाच्या आरंभी अ‍ॅल्युमिनियमचे एक व्ही-8 इंजिन तयार केले आणि काही वर्षांतच सोडूनही दिले. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने 1965 मध्ये त्याचे हक्क मिळवले. 3528 घनसेंटिमीटरचे हे इंजिन आकाराने मोठे. पण हलक्या धातूमुळे त्याचे वजन एमजीबीच्या लहान लोखंडी इंजिनाच्या जवळपास होते. केन कॉस्टेलो या इंग्रज तंत्रज्ञाने ते स्वतःच्या कार्यशाळेत एमजीबीमध्ये बसवून दाखवले. पुढे कंपनीनेही तीच वाट धरली आणि 1973 मध्ये एमजीबी जीटी व्ही-8 बाजारात आणली.

हिच्या इंजिनाची शक्ती 137 अश्वशक्ती, म्हणजे एमजीसीपेक्षाही 8 ने कमी! तरीही गाडी सरस ठरली, कारण इंजिनाभोवतीचा विचार पुरा होता. कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेल्यामुळे बॉनेटला उंचवटा लागला नाही. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर सुमारे 3.9 वरून 3.07 वर आणले गेले, त्यामुळे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी झाले आणि त्याचा जोर वाया गेला नाही. ब्रेक व शीतकरणाची व्यवस्थाही नव्या भाराला साजेशी करण्यात आली. दुर्दैवाने त्याच वर्षी तेलसंकट उद्भवले. 1976 पर्यंत केवळ 2,591 गाड्या तयार झाल्या. तंत्र बिनचूक असूनही बाजाराची वेळ चुकू शकते, हेही या प्रकरणातून दिसते.

आज तोच बदल घरच्या घरी करू पाहणाऱ्या मालकासाठी या इतिहासात कामाचा क्रम दडलेला आहे. पहिला प्रश्न वजनाचा: इंजिन किती किलोचे आणि ते पुढच्या चाकांच्या कितपत मागे बसेल? दुसरा जागेचा: स्टिअरिंगचा दांडा, धुराचे नळ आणि तेलाची तळटाकी एकमेकांच्या आड येतील का? तिसरा ताकदीच्या मार्गाचा: क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल वाढलेला जोर सोसतील का? चौथा उष्णतेचा: रेडिएटर पुरेल का? पाचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा, थांबण्याचा: ब्रेक नव्या वेगाला पुरे पडतील का? या पाचांची उत्तरे कागदावर उतरल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

पैशाच्या वहीत चार खाती असावीत: इंजिन व गिअरबॉक्स, जोडभाग, कारागिरी आणि आकस्मिक खर्च. चौथे खाते बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि जुनी गाडी उघडल्यावर गंज दिसला की पहिला घाव त्यावरच पडतो. दुसरा नियम असा, की सर्व भाग हाती येईपर्यंत चालती गाडी मोडू नये. अर्धवट उघडलेली गाडी म्हणजे अडकलेले भांडवल. ती चालवता येत नाही आणि विकावयास काढली तर किंमत येत नाही. मूळ इंजिन तेल लावून, झाकून, त्याच्या क्रमांकासह जपून ठेवावे. शक्यतो गाडीच्या सांगाड्याला कापाकापी करू नये. पुढच्या पिढीला मूळ रूप परत आणावेसे वाटले, तर तो मार्ग मोकळा राहिला पाहिजे.

भारतात ज्या कुटुंबांनी वडिलोपार्जित गाडी जपली आहे, त्यांनी आणखी एक पान वाचणे अगत्याचे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करण्यास मनाई आहे. इंधनबदलासारखे काही अपवाद आहेत. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, ती गाडी मूळ रूपात असेल तरच. इंजिनातील मोठा फेरबदल हा हक्क घालवू शकतो. म्हणून परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडील लेखी उत्तर हाती घेतल्यावाचून एक रुपयाही आगाऊ देऊ नये.

हे सारे मांडून झाल्यावर बेरीज जमत नसेल, तर मूळ इंजिनाचीच उत्तम दुरुस्ती करून घेणे हाही पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे. 95 अश्वशक्तीच्या त्या साध्या इंजिनावरच एमजीबीच्या बहुसंख्य मालकांनी आयुष्यभर आनंदाने प्रवास केला आहे.