छायाचित्रांचें दप्तर

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब राळेगणसिद्धीस जाऊन आलों. श्री. अण्णा हजारे १९७५ सालीं सैन्यांतून गांवीं परतले व त्यांच्या प्रेरणेनें ग्रामस्थांनीं चर खणून, बांध घालून आणि झाडें लावून पावसाचें पाणी अडविलें, हें वाचकांस विदित आहेच. चिरंजीवांनीं तेथील टेकडीचीं चित्रें घेतलीं. घरीं येतांच सासूबाई म्हणाल्या, "तुझे मामंजी नोकरीनिमित्त तिकडे फिरत, तेव्हांचेंहि ह्या टेकडीचें एक चित्र आपल्याकडे आहे. दोन्ही शेजारीं ठेवून पाहूं या."

संगणकांत चौदा हजार चित्रें! दोन रात्री शोध केला, तेव्हां तें २०१९ सालच्या एका लग्नाच्या चित्रांत सांपडलें. त्या वर्षीं घरच्या कागदी चित्रांच्या आम्ही स्कॅनरवर प्रती काढल्या होत्या. यंत्रानें प्रत काढल्याचीच तारीख चित्राची म्हणून नोंदली. म्हणजे उघडीबोडकी टेकडी, आणि साल २०१९! उद्यां नातवंडांनीं तें पाहिलें, तर साऱ्या गांवाचे श्रम फुकट गेले, असेंच तीं म्हणतील. मूळ चित्राच्या पाठीवर मामंजींनीं साल व नांवें लिहिलीं होतीं. पण आम्ही प्रत काढली ती केवळ पुढच्या बाजूची, आणि कागद पुढें वाळवीनें खाल्ला.

साल लागलें तें सासूबाईंच्या आठवणीनें. "थोरल्याची मुंज त्याच वैशाखांत झाली," त्या म्हणाल्या. म्हणजे १९७६.

आतां हें दप्तर आम्ही नीट लावीत आहों. त्यासाठीं डिजिकॅम ही विनामूल्य संगणकप्रणाली घेतली आहे. तींत चुकलेली तारीख सुधारतां येते. गांव, प्रसंग व नांवें लिहितां येतात. चेहरे ताडून ती नांवें सुचवितेहि. पण खातरजमा वडील माणसानेंच करावी. एक मात्र अवश्य पाहावें. हा मजकूर प्रणालीच्या स्वतःच्या वहींतच न राहतां चित्राच्या फाइलींतहि लिहिला जाईल, अशी योजना तिच्या सेटिंगमध्यें करून ठेवावी. पिकासा ही लोकप्रिय प्रणाली २०१६ सालीं बंद झाली. वही गेली तरी चित्राची पाठ कोरी राहूं नये. शिवाय सबंध संग्रहाची एक प्रत दुसऱ्या घरीं असावी.

रोज दिवेलागणीनंतर सासूबाईंजवळ बसून वीस चित्रें उरकावयाचीं, असा नेम आम्ही धरला आहे. टेकडीच्या त्या चित्रांत मामंजींच्या दोहों बाजूंस दोन गृहस्थ उभे आहेत. एकाचें नांव सासूबाईंनीं तत्काळ सांगितलें. दुसऱ्याकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, "ह्यांना मीं कितीदां तरी जेवावयास वाढलें आहे, पण नांव कांहीं केल्या आठवत नाहीं." ती जागा आम्ही मोकळी ठेविली आहे. आपल्या घरीं सांगणारें माणूस आहे, तोंवरच वाचकांनीं हें काम हातीं घ्यावें, एवढीच विनंति.